संगणक तुमचा, हुकूम कुणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. सोसायटीच्या सचिवांनी नोटिसा टाइप केल्या, दुकानदारांनी बिलं काढली, मुलांनी शाळेच्या प्रोजेक्टची पानं छापली. बदल झाला तो डोळ्यांना न दिसणारा. यापुढे या सिस्टीममध्ये एखादी सुरक्षात्रुटी सापडली, तर तिच्यावरची दुरुस्ती आपोआप येणार नव्हती. आणखी एक वर्ष ती हवी असेल तर घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने वेगळी योजना आणली : तीस डॉलर भरा, नाहीतर कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडून आपल्या सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवा. विंडोज ११वर जावं, तर ती टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मागते आणि प्रोसेसर साधारणपणे २०१८च्या आसपासच्या किंवा नंतरच्या पिढीचा असावा लागतो. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा कॉम्प्युटर अधिकृतपणे अपात्र ठरला.

मायक्रोसॉफ्टने यात कुणाला फसवलं, असं मी म्हणणार नाही. विंडोज १० जुलै २०१५मध्ये आली, दहा वर्षांची मुदत आधीपासून जाहीर होती आणि जुनी सिस्टीम सांभाळायला माणसं आणि पैसा लागतो. तरीही या घटनेत एक गोष्ट फार स्पष्टपणे समोर येते. यंत्र तुमच्या पैशाने आलं, विजेचं बिल तुम्ही भरता, आतली माहिती तुमची. पण ते यंत्र सुरक्षितपणे किती वर्षं वापरायचं याचा निर्णय अमेरिकेतल्या रेडमंड गावी एका कंपनीच्या कार्यालयात होतो.

मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम चांगली की विकतची, हा वाद गेली तीस-पस्तीस वर्षं चालू आहे. तो बहुतेक वेळा किंमत, दिसणं, व्हायरस आणि वेग या चार मुद्द्यांवर घुटमळतो. माझ्या मते हे चारही मुद्दे नंतरचे. पहिला मुद्दा अधिकाराचा : यंत्रात काय चालतं ते पाहण्याचा, बिघडलं तर दुरुस्त करण्याचा आणि मूळ कर्त्याने हात काढून घेतला तरी ते पुढे चालू ठेवण्याचा.

यासाठी सोर्स कोड म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत असतं. तोच सोर्स कोड, आणि मुक्त सिस्टीममध्ये तो सर्वांना मिळतो. त्यावरून यंत्राला कळणाऱ्या शून्य-एकच्या आज्ञा तयार होतात. विकतच्या सिस्टीममध्ये ग्राहकाला फक्त या दुसऱ्या आज्ञा मिळतात. त्या चालवता येतात, पण वाचून सुधारणं जवळजवळ अशक्य असतं. शिवाय परवान्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरायची परवानगी दिली आहे. पुण्या-मुंबईत ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहिलेल्या कुणालाही हे नातं लगेच कळेल : घर नीट असतं, मालक सज्जनही असतो, पण भिंत पाडायची ठरवली किंवा मुदत संपली की शेवटचा शब्द त्याचा.

सुरुवातीला मात्र असं नव्हतं. १९६०-७०च्या दशकांत कॉम्प्युटर विकला जायचा आणि सॉफ्टवेअर बऱ्याचदा त्याच्याबरोबर यायचं. विद्यापीठं एकमेकांना प्रोग्रॅम सर्रास देत-घेत. फेब्रुवारी १९७६मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उद्देशून एक उघडं पत्र लिहिलं. त्याच्या कंपनीने ‘अल्टेअर’ या यंत्रासाठी बेसिक भाषा तयार केली होती आणि बहुतेक लोक ती विकत न घेता नक्कल करून वापरत होते. गेट्सचं म्हणणं असं होतं की मिळालेल्या पैशांचा हिशेब केला तर आमच्या श्रमाला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत. मग चांगलं सॉफ्टवेअर लिहिण्यात कोण वर्षं घालवेल? मुक्त सॉफ्टवेअरचे पाठीराखे या पत्राची हेटाळणी करतात. मला ती पटत नाही. गेट्सने विचारलेला प्रश्न खरा होता, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला तो आजही पुरता सुटलेला नाही. पुढे एका प्रसंगात तो पुन्हा भेटेल.

दुसरी बाजू उभी राहिली ती एका प्रिंटरमुळे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला होता. त्यात कागद अडकायचा. प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर असल्याने लोक छपाईची आज्ञा देऊन वाट पाहत बसत आणि तासाभराने जाऊन बघावं तर काम अर्धवट थांबलेलं. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रॅमर होता. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्याने बदल केला होता, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना यायची. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता, त्याने गुप्ततेचा करार केल्याचं सांगून नकार दिला. कागद अडकण्यासारखी क्षुल्लक अडचण, ती सोडवू शकणारा माणूस समोर हजर, आणि तरी त्याला हात लावायची मनाई! स्टॉलमनने सप्टेंबर १९८३मध्ये ‘जीएनयू’ या संपूर्णपणे मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा केली त्यामागे हा अनुभव होता.

स्टॉलमनचं खरं मोठं काम परवान्याचं आहे. १९८९मध्ये आलेल्या जीपीएल या परवान्याने वापरणाऱ्याला चार अधिकार दिले : प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवा, आतून अभ्यासा आणि बदला, दुसऱ्याला द्या, आणि बदललेली आवृत्तीही द्या. अट अशी की, तुम्ही तो पुढे देताना हेच अधिकार पुढच्यालाही मिळाले पाहिजेत. कॉपीराइटचा कायदा वापरूनच त्याने वस्तू सर्वांसाठी खुली राहील अशी तजवीज केली. विकायला बंदी नाही, हेही लक्षात ठेवावं. रेड हॅट या कंपनीने लिनक्स या मुक्त सिस्टीमची सेवा विकूनच व्यवसाय उभा केला आणि २०१९मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली.

जीएनयूकडे सगळे भाग तयार होत होते, पण यंत्राशी थेट बोलणारा गाभा, म्हणजे कर्नल, रखडला होता. तो आला हेलसिंकीहून. लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केलं की तो एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम हौसेखातर लिहीत आहे. पुढच्याच वर्षी त्याने ती, म्हणजेच लिनक्स, जीपीएलखाली आणली. आज अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर त्यावर आहेत. फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्याचा वाटा जगभरात ४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो.

असं का? लिनक्स वापरायला अवघड म्हणून, हे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वी खरं होतं. आता खरं कारण दुकानात सापडतं. आयबीएमने १९८१मध्ये पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यांना डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम पुरवली, पण ती इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. आयबीएमच्या यंत्राच्या नकला शेकडो कंपन्या करू लागल्या आणि प्रत्येकीला डॉस हवी झाली. पुढे मायक्रोसॉफ्टने उत्पादकांशी असे करार केले की, कॉम्प्युटरवर डॉस असो वा नसो, विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचे. दुसरी सिस्टीम घालायची तर उत्पादकाला दोनदा खर्च. अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या १९९४च्या तडजोडीत ही पद्धत बंद झाली, पण तोवर बाजार ठरून गेला होता. ग्राहक ऑपरेटिंग सिस्टीम निवडत नाही. ती यंत्राबरोबर घरी येते.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे असेंबल्ड पीसी बनवून घेतला की तो विंडोज ‘टाकून’ द्यायचा आणि ती क्वचितच परवान्याची असायची. त्यामुळे सामान्य माणसाच्या दृष्टीने दोन्ही सिस्टीम फुकटच होत्या, आणि फुकटात सगळ्यांना येणारी मिळत असेल तर न येणारी कोण घेईल? १९९८मध्ये चीनबद्दल बोलताना बिल गेट्सने उघडपणे सांगितलं होतं की लोक चोरणारच असतील तर आमचं चोरावं. त्याची सवय लागेल आणि पैसे कसे घ्यायचे ते पुढे पाहू. चोरीच्या प्रतीने मायक्रोसॉफ्टचं नुकसान झालं असेल, पण भारतात लिनक्सचं त्याहून जास्त झालं.

आता सुरक्षेच्या वादाकडे येऊ. मुक्त बाजूचा आवडता दावा असा की कोड सगळ्यांना दिसतो, हजारो डोळे त्यावर असतात, म्हणून तो सुरक्षित. २०१४मध्ये ‘हार्टब्लीड’ ही, इंटरनेटवरचे संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपन-एसएसएल या मुक्त प्रोग्रॅममधली चूक सापडली तेव्हा ती दोन वर्षं सर्वांसमोर पडून होती असं दिसलं. डोळे हजारो असू शकतात. ते बघत असतील असं नाही.

याहून बोलकी घटना मार्च २०२४ची आहे. अँड्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रॅमर एका डेटाबेसच्या कामासाठी वेगाची मोजमापं घेत होता. दूरच्या यंत्रात लॉग-इन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असं त्याला दिसलं. अर्धा सेकंद म्हणजे आपण पापणी एक-दोनदा मिटू एवढा वेळ. त्याने तो सोडून दिला नाही. शोध घेत तो पोहोचला एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपाशी. त्याच्या नव्या आवृत्तीत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून जास्त काळ मनापासून काम करून, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवून, हा दरवाजा चाचणीच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या फायलींत लपवला होता. फ्रॉइंडने २९ मार्चला सगळं जाहीर केलं. तेव्हा ती आवृत्ती मुख्यतः लिनक्सच्या प्रायोगिक शाखांपर्यंतच पोहोचली होती. आणखी काही महिने गेले असते तर जगभरच्या असंख्य सर्व्हरची किल्ली एका अज्ञात माणसाच्या हातात गेली असती.

या घटनेचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. कोड खुला होता म्हणून एका बाहेरच्या माणसाला परवानगी न मागता मुळापर्यंत खणता आलं. पण ज्याच्यावर अर्ध्या जगाचा भार होता तो प्रोग्रॅम एकटा माणूस फावल्या वेळात, पगाराविना सांभाळत होता. गेट्सने १९७६मध्ये विचारलेला प्रश्न हाच. फ्रॉइंड स्वतः नोकरी करतो मायक्रोसॉफ्टमध्ये, हे त्या कंपनीच्या श्रेयासाठी सांगायला हवं.

बंद बाजूचं चित्रही निर्धास्त नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या त्रुटीतून ब्रिटनमधली रुग्णालयं ठप्प केली. त्रुटीवरची दुरुस्ती दोन महिने आधी आली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर आणून थांबवले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती. पण एकच सिस्टीम सगळीकडे असली की एक ठेच किती जणांना लागते, हे त्या शुक्रवारी दिसलं. माझा निष्कर्ष असा : सुरक्षा खुलेपणातून आपोआप येत नाही, ती सतत पैसे देऊन, माणसं नेमून करावी लागते. खुलेपणाने एवढं होतं की तपासणी कुणालाही करता येते.

‘लिनक्स फुकट, म्हणजे खर्च वाचला’ हा दावा तपासायला जर्मनीतलं म्युनिक शहर फार उपयोगी आहे. महापालिकेच्या सुमारे १४ हजार कॉम्प्युटरवर विंडोज एनटी ४ होती आणि तिची देखभाल संपत आली होती. नवी विंडोज घ्यायची की लिनक्सकडे जायचं? मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर २००३च्या वसंतात स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर ख्रिस्तियान ऊडं यांना भेटायला आले, कंपनीने किंमतही बरीच उतरवली. तरी मे २००३मध्ये नगरसभेने लिनक्सच्या बाजूने मत दिलं. लिनक्सचा प्रस्ताव तेव्हा स्वस्त नव्हता. नगरसभेला एकाच विक्रेत्यावरचं अवलंबित्व नको होतं.

काम पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. अडचण लिनक्सची कमी आणि कागदपत्रांची जास्त होती. प्रत्येक विभागाने वर्षानुवर्षं वर्डमध्ये स्वतःचे नमुने आणि मॅक्रो रचले होते. असे हजारो फॉर्म. ते सगळे नव्याने बांधण्यासाठी पालिकेने ‘वोलमक्स’ नावाचं साधन स्वतः लिहिलं आणि नंतर मुक्तही केलं. २०१३पर्यंत जवळपास १५ हजार कॉम्प्युटर ‘लिमक्स’ या पालिकेच्या स्वतःच्या लिनक्सवर आले. आणि मग २०१४मध्ये महापौर बदलले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, बाहेरून आलेली वर्डची फाईल नीट उघडत नव्हती, पालिकेची आयटी यंत्रणा अनेक विभागांत विखुरलेली होती. २०१७मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं, त्यासाठी सुमारे ५ कोटी युरोंची तरतूद झाली. त्याआधीच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपलं जर्मन मुख्यालय म्युनिक शहरात आणलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून त्यावर मी जास्त बोलणार नाही.

म्युनिकचा दाखला विंडोजवाले पराभव म्हणून देतात. पण फ्रान्सच्या जॉन्दार्मरी या पोलीस दलाकडे पाहा. त्यांनी आधी फक्त ऑफिसचे प्रोग्रॅम बदलले, २००५च्या सुमारास ओपनऑफिस आणलं, मग ब्राउझर, मग ईमेल. माणसं या नव्या प्रोग्रॅमना सरावली आणि मगच, २००८पासून, खालची विंडोज काढून उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारलेली स्वतःची सिस्टीम बसवायला सुरुवात केली. आज सत्तर हजारांहून जास्त कॉम्प्युटर त्यावर आहेत आणि परत फिरण्याची भाषा नाही. तिथे एक केंद्रीय यंत्रणा होती, हुकूम खालपर्यंत पोहोचत होता आणि क्रम शहाणपणाने ठरवला होता. लोक ऑपरेटिंग सिस्टीमशी काम करत नाहीत, प्रोग्रॅमशी करतात, हे त्यांनी ओळखलं होतं. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये सुमारे ३० हजार कॉम्प्युटर असेच टप्प्याटप्प्याने बदलण्याचं जाहीर केलं आहे.

यापेक्षा जवळचं उदाहरण केरळचं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जुलै २००१मध्ये तिरुवनंतपुरमला भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीची संस्था सुरू झाली, स्टॉलमन तिथे हजर होता. त्याच सुमारास राज्याचा ‘आयटी@स्कूल’ उपक्रम सुरू झाला. शाळांत कोणतं सॉफ्टवेअर शिकवायचं यावर शिक्षक संघटनांनी वाद घातला आणि काही वर्षांत राज्याने शाळांसाठी जीएनयू-लिनक्स ठरवलं. केवळ सीडी वाटून ते थांबले नाहीत. पाठ्यपुस्तकं त्यावर बेतली, मल्याळम नीट लिहिता येईल याची काळजी घेतली आणि मुख्य म्हणजे शिक्षकांनाच दुरुस्ती शिकवली. प्रत्येक शाळेत त्याची जबाबदारी घेणारा शिक्षक, त्याच्या वर प्रशिक्षक. २०१८मध्ये ‘लिटल काइट्स’ नावाने विद्यार्थ्यांचे गट तयार झाले, तेही हे काम शिकतात. सिस्टीम बिघडली तर विक्रेत्याची वाट पाहायची नाही, आठवीतला मुलगा आणि त्याच्या बाई मिळून ती पुन्हा बसवतात. परवान्यांचे पैसे वाचले हे खरंच, पण माझ्या दृष्टीने कमाई ही आहे.

महाराष्ट्राने दुसरी वाट घेतली. २००१मध्ये एमकेसीएल या संस्थेचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याने गावोगाव कॉम्प्युटरची भीती घालवली. हे काम मोठं आहे. पण त्यात वर्षानुवर्षं शिकवलं गेलं ते प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. सरकारी नोकरीसाठी हा अभ्यासक्रम हवा, म्हणून लाखो मराठी माणसांच्या मनात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे समीकरण पक्कं झालं. सार्वजनिक संस्थेने एका कंपनीच्या मालाचं शिक्षण असं सक्तीच्या वाटेने द्यावं, हे मला मान्य नाही. कॉम्प्युटरची तत्त्वं शिकवता आली असती आणि दोन सिस्टीम शेजारीशेजारी दाखवता आल्या असत्या.

गंमत अशी की मुक्त बाजूचं भरीव काम याच राज्यात झालं आहे. देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या पुणे केंद्राने मुक्त साधनांवर बांधली आणि न्यायालयांच्या कॉम्प्युटरवर उबुंटू आली. आपली पुढची तारीख मोबाइलवर पाहणारा पक्षकार तिचाच उपयोग करत असतो. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातून ‘लोहित’ हा फाँट सांभाळला गेला, मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’ खुल्या परवान्याखाली दिला. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात.

तरीही पेठेतल्या डीटीपीवाल्याला मी उद्या लिनक्सवर जा असं सांगणार नाही. त्याची वीस वर्षांची पुस्तकं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकली आहेत. दुसऱ्या यंत्रावर उघडली की जोडाक्षरांची दाणादाण होते. टॅली चालवणारा हिशेबनीस, ऑटोकॅडवर नकाशे काढणारा अभियंता, अडोबीच्या प्रोग्रॅमवर पोट असलेला छायाचित्रकार, यांची साधनं लिनक्ससाठी बनलेली नाहीत. डिजिटल सहीचं टोकन लावून सरकारी संकेतस्थळावर कागद भरणाऱ्यालाही विंडोजवरच कमी त्रास होतो. अॅपलचा मॅक घेणाऱ्याला यंत्र आणि सिस्टीम यांचा उत्तम मेळ मिळतो, त्याचे तो पैसे मोजतो, यातही गैर काही नाही. मॅकच्या पोटातल्या गाभ्याचा मोठा भागही बीएसडी या मुक्त परंपरेतून आला आहे. अंध वाचकांसाठी पडदा वाचून दाखवणारी साधनंही मला विंडोजवर आणि मॅकवर अधिक पक्व वाटतात, आणि मुक्त बाजूने हे आपलं मोठं अपुरेपण मानायला हवं.

पण ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल, पत्रं, साधे तक्ते आणि व्हिडिओ एवढ्यात भागतं, त्या घरांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांनी एक शनिवार द्यावा असं मला वाटतं. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या प्रकाराची फाईल उतरवून घ्या, ती साधारण तीन जीबीची असते. रुफस या छोट्या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून चालत नाही. पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, हे आधी लक्षात घ्या. कॉम्प्युटर बंद करून सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबा आणि यूएसबी निवडा. दोन-तीन मिनिटांत पूर्ण सिस्टीम पडद्यावर येते आणि तुमच्या हार्ड डिस्कला धक्काही लागलेला नसतो. आता तपासा : वायफाय जोडला जातो का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, लॅपटॉप झाकून उघडला की नीट जागा होतो का. कीबोर्डच्या यादीतून मराठी जोडा, इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीने ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘ऱ्हस्व’ लिहून पाहा. तुमची जुनी वर्डची फाईल लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-प्रोग्रॅममध्ये उघडा आणि तक्ते हलले का ते बघा. काही अडलं तर पेन ड्राइव्ह काढा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, विंडोज जशीच्या तशी आहे. सगळं जमलं तरच, सर्व फायलींची प्रत बाहेर काढून ठेवल्यावर, ती बसवायचा विचार करा. चार जीबी रॅम असलेल्या जुन्या यंत्रावरही मिंट चालते आणि सुरक्षा-दुरुस्त्या पुढेही येत राहतात.

घरच्या कॉम्प्युटरचा निर्णय ज्याचा त्याने करावा. जनतेच्या पैशाने घेतलेल्या कॉम्प्युटरबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण २०१५पासून अस्तित्वात आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली सिस्टीम दिली. संरक्षण मंत्रालयाने २०२३मध्ये उबुंटूवर आधारलेल्या ‘माया’चा स्वीकार जाहीर केला. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, सार्वजनिक ग्रंथालयात पहिली निवड मुक्त सिस्टीमची असावी, आणि विकतची घ्यायची तर कोणत्या कामासाठी ते लेखी सांगावं. परवान्यांत वाचलेल्या पैशातला ठरावीक हिस्सा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि ही साधनं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरच्या पगारावर खर्च व्हावा. नाहीतर म्युनिकची चूक आणि एक्सझेडचा धोका, दोन्ही आपल्या वाट्याला येतील.

आणि एक काम असं आहे जे सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येतं. लिनक्सचा डेस्कटॉप देणारे गनोम आणि केडीई, तसेच लिब्रेऑफिस, यांच्या मराठी आवृत्त्या आहेत, पण त्यांत अनेक वाक्यं अजून इंग्रजीत राहिली आहेत, काहींची भाषांतरं बोजड आहेत. ती सुधारायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या भाषांतर विभागात मराठीचं पान असतं, तिथे नाव नोंदवता येतं आणि लिब्रेऑफिससाठी तर ब्राउझरमध्येच एकेक वाक्य भरता येतं. मराठीचे शिक्षक, मुद्रितशोधक, निवृत्त ग्रंथपाल यांची तिथे फार गरज आहे. तुम्ही त्यांपैकी कुणी असाल, तर आठवड्याला एक तास त्यासाठी काढा.